आईच्या बीपीच्या गोळ्या: घोट्यांना सूज, उठताना भोवळ

कृष्णाकाठची
नमस्कार. प्रश्न आईबद्दल आहे. वय ६८, वाईजवळच्या गावात एकटी राहते. तीन वर्षांपासून बीपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अ‍ॅम्लोडिपिन ५ ची गोळी महिन्याची महिन्याला फुकट मिळते, ती कधी चुकवत नाही. फेब्रुवारीत माझ्याकडे पुण्याला आली तेव्हा बीपी १६८/९६ निघालं. इथल्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. ती घेऊन आई गावी गेली.

परवा मी गेले तर दोन्ही घोटे सुजलेले. चपल काढल्यावर पट्ट्याची खूण तशीच राहिली, अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला. सकाळी जरा कमी असते म्हणे, संध्याकाळी पाय भरून येतात. दोनदा देवापुढून उठताना भोवळ आली, एकदा भिंत धरली म्हणून निभावलं. घरच्या मशीनवर १०८/६४.

शेजारच्या काकूंच्या यजमानांना अशीच सूज होती, त्यांना लघवीच्या गोळीने आराम पडला. काकू त्याच गोळ्यांचं पाकीट आईसाठी ठेवून गेल्यात. देऊ का? आणि बीपी एवढं खाली आलंय तर आधीच्या गोळ्या बंद करू का? डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे, आज गुरुवार. जिवाला घोर लागलाय.

औषधवाला_कोरेगाव
ताई, मी फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. काकूंची गोळी देऊ नका. बाकीच्या गोळ्याही मनाने बंद करू नका.

आधी आईंच्या सगळ्या पट्ट्या उलट्या करून बघा. मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्यातल्या औषधाचं नाव बारीक अक्षरांत असतं, पुढे मिलिग्रॅम. ते जसंच्या तसं इथे लिहा. मला एक शंका आहे, पण वाचल्याशिवाय बोलत नाही.

आईंना दम लागत असेल, छातीत दुखत असेल, सूज एकाच पायाला असेल किंवा चक्कर येऊन त्या पडल्या, तर सोमवारची वाट बघायची नाही. लगेच दवाखाना गाठा.

कृष्णाकाठची
दम नाही, छातीत दुखत नाही, सूज दोन्ही पायांना सारखी.

चष्मा लावून, मोबाईलचा टॉर्च धरून वाचलं. आरोग्य केंद्राची पट्टी: अ‍ॅम्लोडिपिन ५. पुण्याची: टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५. म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन दोन्हीत आहे, आणि आई दोन महिने रोज दोन्ही घेते आहे! तिला विचारलं तर म्हणाली, “ती सरकारी, ही पुण्याची. जुनी बंद कर असं कुणी म्हणालंच नाही.” खरंच कुणी म्हणालं नव्हतं. डॉक्टरांनी आधी काय चालू आहे असं विचारलं होतं, मी “बीपीची छोटी पांढरी गोळी” एवढंच सांगितलं. पट्टी सोबत न्यायला हवी होती. आता फार लागतंय मनाला.

त्याच डब्यात तिसरी पट्टी निघाली, डायक्लोफिनॅक ५०. गुडघे दुखले की आठवड्यातून तीन-चारदा घेते. दुकानातून अशीच आणलेली.

औषधवाला_कोरेगाव
हीच शंका होती. घाबरू नका, अ‍ॅम्लोडिपिन दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत डॉक्टर देतात. पण ते त्यांनी ठरवून द्यायचं असतं. ५ पेक्षा १० ला घोटे सुजायचं प्रमाण बरंच जास्त. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, मग तिथून पाणी पाझरून घोट्यापाशी साचतं. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नव्हे, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उलट आधीच १०८ असलेलं बीपी आणखी खाली जाईल, सोडियम घसरेल.

मला जास्त काळजी त्या तिसऱ्या पट्टीची वाटते. डायक्लोफिनॅक अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं. फेब्रुवारीतल्या १६८ मध्ये त्याचाही वाटा असू शकतो. टेल्मिसार्टनबरोबर ते मूत्रपिंडाला जड जातं. त्यात लघवीची गोळी आली आणि चैत्राच्या उन्हात पाणी कमी पडलं, की या तिन्हींनी मिळून मूत्रपिंड बंद पडायची वेळ येऊ शकते. एवढ्यासाठीच काकूंच्या पाकिटाला पहिल्यांदा नाही म्हटलं.

आत्ता डॉक्टरांना फोन लावा, तिन्ही नावं मिलिग्रॅमसकट वाचून दाखवा, नेमकी कुठली बंद करू ते विचारा. क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं), पोटॅशियम, सोडियम रक्तात तपासायचं का तेही विचारा.

भीमाकाठी
माझ्या वडिलांचं भोवळीचं असंच होतं. बसून बीपी छान, उभं राहिलं की कोसळायचं. आईला पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा, न बोलता मोजा. मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी परत मोजा, शेजारी धरायला थांबा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर फोनवर तेही सांगा.

आणखी एक. घरात ‘लो सोडियम’ मीठ आहे का? त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं. बाबांचं ५.९ वर गेलं होतं. सैंधव वेगळं, पण तेही शेवटी मीठच, बीपीला चालतं म्हणून सढळ हाताने घालू नये.

कृष्णाकाठची
फोन झाला. उभं राहिल्यावर ८६ आलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टरांनी आरोग्य केंद्राची सुटी गोळी आणि डायक्लोफिनॅक बंद करायला सांगितलं. पुण्याची एकत्र गोळी चालू. गुडघ्याला लागलंच तर पॅरासिटामॉल. सोमवारी रक्त तपासायचं. मीठ साधंच आहे.

औषधवाला_कोरेगाव
छान झालं. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरतं, सूज एका रात्रीत जाणार नाही. तोवर पाय उशीवर ठेवून झोपू द्या, उठताना आधी मिनिटभर बसू द्या. आरोग्य केंद्रालाही कळवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच पट्टी पुन्हा हातात पडेल. तिथे बीपीच्या पेशंटचं कार्ड असतं. सातारा हा देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी आहे.

कृष्णाकाठची
दोन आठवड्यांनी लिहितेय. सूज जवळजवळ गेली, चपलेचा पट्टा पुन्हा जुन्या भोकात बसतो. काल बसून १३२/७८, उभं राहून १२४. क्रिएटिनिन, पोटॅशियम ठीक. केंद्रातल्या सिस्टरांनी आईच्या कार्डावर लाल पेनाने नवी गोळी लिहिली आणि जुनी खोडली. एकादशीला आई गोळीच घेत नव्हती, हेही तिथेच कळलं. उपाशीपोटी चालते म्हटल्यावर परवाच्या एकादशीला पाण्याबरोबर घेतली.

काकूंना त्यांचं पाकीट परत दिलं. त्यांच्या यजमानांची पट्टीही मागून घेतली आणि वाचली. अ‍ॅम्लोडिपिन १०. शनिवारी दोघं डॉक्टरांकडे जाणार आहेत, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून.