माईक लावला की तात्या भाषण करतात. गलाईवाल्यांची आयुष्यं आवाजात कशी टिपायची?

खानापूरची_पुतणी:

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका गावची, नोकरीमुळे सांगलीत असते. माझे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, 1972 च्या दुष्काळानंतर कोइमतूरला गलाईच्या दुकानात कामाला गेले आणि उभं आयुष्य तिकडंच काढलं. आता ऐंशीच्या घरात आहेत, कायमचे गावी आलेत.

लांबच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. सराफांकडचा मोडीचा दागिना, घडणावळीतला चुरा, अगदी दुकानाचा झाडलेला केरसुद्धा गलाईवाल्याकडं येतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली, तासगाव-कवठेमहांकाळची, पलीकडं साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं या कामासाठी देशभर पांगलीत. पंजाबात जा नाहीतर केरळात, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आपल्याकडचं कुणीतरी भेटतंच. घराघरात तमिळ, मल्याळम, तेलुगू बोलणारी पोरं आहेत, आणि यात्रेला सगळी गावात येतात.

मला यावर ऐकायची मालिका करायची आहे. पॉडकास्ट म्हणा हवं तर. एका भागात एकच माणूस, तासभर, सावकाश. मंत्री, नट, उद्योगपती यांच्या मुलाखती हव्या तेवढ्या मिळतात. पण विशीतला एक माणूस भाषा येत नसताना हजार किलोमीटरवर जाऊन दुसऱ्याचं सोनं सांभाळतो, त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून कुठं ऐकायला मिळत नाही.

अडचण अशी की रेकॉर्डिंग सुरू झालं की तात्या ताठ बसतात आणि म्हणतात, "सर्वप्रथम मी आपले आभार मानतो. परिस्थिती अत्यंत बिकट होती, परंतु जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर..." सत्कार समारंभातलं भाषणच. फोन खिशात टाकला की तेच तात्या मागच्या खोलीतल्या तांबूस धुराचं असं सांगतात की आपल्यालाच ठसका लागावा.

भाऊ म्हणतो, प्रमाण भाषेत बोलायला लाव, नाहीतर पुण्या-मुंबईकडचे ऐकणार नाहीत. मला ते अजिबात पटत नाही, पण अनुभवी लोकांचं मत हवंय. आणि घर पत्र्याचं आहे, पठारावर वारा सतत असतो. त्याचं काय करू?

टेपवाले_आजोबा:

ताई, प्रश्न वाचून बरं वाटलं. मी नभोवाणीत ध्वनिमुद्रणाचं काम केलेला माणूस. सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 सालचं, आणि या भागातले शेतकरी, शाहीर, भजनी मंडळं असे कितीतरी आवाज आम्ही स्पूलच्या टेपवर घेतले. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही तात्यांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारताय. आयुष्याबद्दल विचारलं की माणूस गोषवारा देतो, आणि गोषवाऱ्याची भाषा ही त्याने सत्कारांमध्येच ऐकलेली असते. म्हणून आयुष्याबद्दल विचारूच नका, वस्तूबद्दल विचारा. जाताना ट्रंकेत काय होतं? मिरजेपर्यंत सोडायला कोण आलं होतं? त्या काळी मिरजेहून बंगळूरला मीटरगेजची गाडी जायची. तिकीट कुणी काढलं, गाडीत शेजारी कोण होतं, पुढं गाडी बदलताना भाषेवाचून कसं निभावलं? पहिली रात्र कुठं झोपले? गावी पाठवलेल्या पहिल्या मनीऑर्डरीच्या फॉर्मवर खाली निरोपाची जागा असायची, तिथं काय लिहिलं? या प्रश्नांना भाषणातलं उत्तर देताच येत नाही.

दुसरं, त्यांच्या हातात काहीतरी द्या. जुनी मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं, सांडशी, तराजू, घरात जे असेल ते. कारागीर माणसाची आठवण हातात असते. हात चालू लागले की तोंड आपोआप चालतं, आणि लोखंड फरशीवर टेकल्याचा आवाज टेपवर आला तर येऊ द्या, तो हवाच आहे. त्यांना कामाची कृती शिकवायला सांगा. "तात्या, मी उद्यापासून तुमच्या दुकानात कामाला आले, मला पहिलं काय शिकवाल?" एवढं विचारून गप्प बसा. गप्प बसणं या कामात फार महत्त्वाचं आहे. माणूस थांबला की आपण घाईनं पुढचा प्रश्न टाकतो, आणि तो जे सांगणार होता ते पोटातच राहतं. मनात दहा आकडे मोजा.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. एक शब्दही सुधारू नका. ऐकणाऱ्याला दोन मिनिटं जड जातं, मग कान बसतो. एखादा कामातला शब्द अडणार असेल तर निवेदनात तुमच्या आवाजात तो आधी सांगून ठेवा. तात्यांच्या बोलण्यात तमिळ शब्द येत असतील तर तेही राहू द्यात.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं ते जरूर पाहा. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात. बाईचं नाव, गाव, तारीख नोंदवलेली, आणि शब्द जसेच्या तसे. आज पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक ओव्या बायांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. कुणी ते शब्द प्रमाण भाषेत बसवले असते तर ओवी तिथंच मेली असती.

वाऱ्याचं सोपं आहे. बाहेर बसू नका, आतल्या खोलीत बसा. भिंतीवर आणि खाली वाकळा टाका, पंखा आणि फ्रिज बंद करा. माईक तोंडापासून वीतभर, पण थेट समोर न धरता जरा बाजूला. पत्रा दुपारी तापून कडकड वाजतो, म्हणून सकाळची वेळ गाठा. सुरुवातीला मिनिटभर कुणीच बोलू नका आणि खोलीचा नुसता आवाज घ्या, पुढं जोडकामात तो लागतोच. फोनवर घेत असाल तर वेव्ह फाइलमध्ये घ्या. एका माईकचं साधं रेकॉर्डिंग तासाला तीनशे एमबीच्या आसपास जातं, एवढी जागा आधी मोकळी ठेवा.

एक सुचवतो. अमेरिकेत 2003 सालापासून स्टोरीकोर नावाचा उपक्रम चालू आहे. तिथं पत्रकार नसतो, ओळखीचीच दोन माणसं समोरासमोर बसतात, चाळीसेक मिनिटं बोलतात, आणि ते रेकॉर्डिंग त्यांच्या संसदेच्या ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, जतन होतं. आई-मुलगा, नवरा-बायको, जुने सहकारी. तात्यांच्या बरोबर दुकानात असलेलं कुणी गावात असेल तर दोघांना एकत्र बसवा. दोन गलाईवाले एकमेकांसमोर भाषण करणार नाहीत.

माणदेशी_सून:

आजोबांनी सगळं छान सांगितलंय. मला एकच सांगायचंय, पण ते मनापासून. तुमच्या चुलतीला विसरू नका.

माझे सासरे पण गलाईचे. सासूबाई पहिली काही वर्षं गावीच होत्या. 1972 ला रोजगाराच्या कामावर खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी थापल्या, पोरांना सुकडी आणली, सासू-सासऱ्यांचं केलं. नंतर परमुलखात दुकानाच्या वरच्या एका खोलीत संसार. खालून ॲसिडचा वास, आणि वर त्या कामाच्या पोरांसकट सगळ्यांचा स्वयंपाक. तिथल्या बाजारात ज्वारीचं पीठ मिळायचं नाही म्हणून गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर पिशवी मागवायच्या. हे सासऱ्यांच्या गोष्टीत कधीच येत नाही. त्यांनी लपवलं असं नाही, त्यांना ते दिसलंच नव्हतं.

चुलतीला विचाराल तर त्या म्हणतील, "माझं काय, तात्यांनाच विचार." ते ऐकून उठू नका. शेंगा फोडायला, धान्य निवडायला त्यांच्याबरोबर बसा. आणि तात्या घरात असताना चुलतीचं रेकॉर्डिंग घेऊ नका. दर वाक्याला त्या त्यांच्याकडं बघतील आणि तारखा तात्याच दुरुस्त करत बसतील.

अजून एक. या धंद्यात चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांचा ससेमिरा, भागीदारीतली भांडणं, भावकीचे वाद असतात. माणूस मोकळा झाला की हे सगळं बोलून जातो. म्हणून परवानगी दोनदा घ्या, आधी एकदा आणि पूर्ण भाग त्यांना ऐकवून पुन्हा एकदा. एखादं नाव काढ म्हणाले तर वाद न घालता काढा. कितीही चांगला भाग असला तरी.

खानापूरची_पुतणी:

आजोबा, वहिनी, काय बोलू. परवाच्या सुट्टीत गावी गेले होते. माळ्यावरून तात्यांची जुनी सांडशी काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, तात्या, मला शिकवा.

आधी त्यांनी सांडशी उलटसुलट करून पाहिली, खिळा ढिला झालाय म्हणाले, तेल मागितलं. मग सुरू झाले. त्यांचंच बोलणं लिहिते:

"सोनं एकट्यानं सुद्ध हुत न्हाय. त्यात तिप्पट चांदी घालायची, मुशीत रटरट वितळवायची, मग पाण्यात वतून दानं पाडायचं. ते ॲसिडात उकळायला ठिवलं की चांदी, तांबं समदं इरघळतं. धूर सुटतो तांबडा. त्या टायमाला त्वांड फिरवायचं. खाली काय ऱ्हातं? सोनं. पर ते सोन्यावानी दिसत न्हाय गं बाय, चहाच्या पावडरीवानी दिसतं. नवा पोरगा आसला तर वाटतं घान हाय, फेकून देतोय. म्या पयल्यांदा बघितलं तवा म्हनलं, मालक फसला."

मी म्हटलं, आणि चांदी? पाण्यात गेली ती गेली?

"जाती कुठं? त्या पान्यात तांब्याची पट्टी सोडायची. चांदी गपगुमान माघारी येती, पट्टीला चिकटून."

मग तात्या थांबले. आजोबांचं आठवून मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले की मालकानं त्यांच्या हातावर पहिल्यांदा शुद्ध सोन्याचा गोळा ठेवला तेव्हा गावी घरात आईच्या अंगावर फुटका मणीसुद्धा नव्हता, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. ही गोष्ट घरातल्या कुणालाही माहीत नव्हती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

भावाला तो तुकडा ऐकवला. प्रमाण भाषेचा विषय त्याने परत काढला नाही. पुढच्या खेपेला काकूंची पाळी, तात्या पारावर गेले की.

पाटणकर_कोयनाकाठ:

तुमचा धागा वाचून मी पण ठरवलंय. आमच्याकडं 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अंगावर घेतलेली माणसं अजून आहेत, आणि त्याच्या आधी धरणाखाली गाव गेलेलीही आहेत. प्रत्येक वर्षी कुणीतरी कमी होतं. कुंडलच्या कॅप्टन भाऊंकडं लोक वेळेत पोचले, म्हणून 7 जून 1943 ला शेणोलीला इंग्रजांची रेल्वेगाडी अडवल्याची हकिकत प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या माणसाच्याच तोंडून नोंदली गेली. 2022 ला ते गेले. आमच्या खोऱ्यात अजून कुणी बसलेलं नाही.

आजोबा, एक विचारायचंय. फाइली नीट कशा ठेवायच्या? माझ्या फोनवर सगळं आकड्यांच्या नावानं साठतंय.

टेपवाले_आजोबा:

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी हे काम करायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. फाइलचं नाव गाव-माणूस-तारीख असं द्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी नेहमी प्रतीवर. मूळ दोन ठिकाणी ठेवा, एक घरी हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडं. 2005 आणि 2019 च्या महापुरात सांगलीतल्या किती घरांतले फोटो आणि कागद गेले ते आम्ही पाहिलंय, म्हणून दुसरी प्रत नदीकाठच्या घरात नको. सोबत एक साधी वही ठेवा. कोण बोललं, कुठं बसून, कितव्या मिनिटाला कुठला विषय आला, कुठलं नाव वगळायचं ठरलंय.

आणि पाटणकर, पहिल्या रेकॉर्डिंगला भूकंपावर थेट जाऊ नका. आदल्या संध्याकाळी घरात काय शिजलं होतं, गुरं कुठं बांधली होती, दिवा कुणी मालवला, तिथून सुरू करा.