विषय: माळ्यावर सापडलेली तात्यांची बंदूक

सप्रेम नमस्कार मंडळी,

दहा दिवस झाले, मी नाशिकला आहे. रविवार कारंजाजवळचा आमचा वाडा विकायचा ठरला, त्याची आवराआवर चालली आहे. काल संध्याकाळी माळ्यावरची पितळी भांडी काढताना तुळईमागे एक लांब गाठोडं हाताला लागलं. वर आईचं अंजिरी लुगडं, सुतळीनं गच्च बांधलेलं. सोडलं तर आत तात्यांची, म्हणजे आमच्या वडिलांची, बंदूक. दुनळी, बारा बोअरची, इशापूरच्या कारखान्यातली. शेजारी डालड्याच्या डब्यात सात काडतुसं.

ही बंदूक २००९ मध्ये चोरीला गेली, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या वर्षी विधानसभेच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा होती. निवडणूक सरल्यावर तात्यांनी सोडवून आणली आणि थंडी पडायच्या सुमाराला कपाट रिकामं दिसलं. तात्यांनी फिर्याद दिली आणि संशयित म्हणून मखमलाबादच्या मळ्यावरच्या आमच्या वाटेकऱ्याचं नाव सांगितलं. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. त्यांना रोज चौकशीला बोलावलं जायचं. महिनाभरात ते कुटुंबासह मळा सोडून गेले.

तेव्हा वाटणीवरून तात्या आणि काका एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तात्यांचा राग सगळ्या गावाला माहीत. ती दुहेरी गाठ आईची आहे, मी ओळखते. बंदूक तिनंच लपवली असणार, आणि फिर्याद झाल्यावर सांगायची सोय राहिली नसणार. आता दोघंही नाहीत.

भाऊ म्हणतो, पोत्यात गुंडाळून स्कूटरवरून ठाण्यात देऊन येऊ. एक नातेवाईक म्हणतात, गोदावरीत सोडून दे, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय. माझं परतीचं विमान पुढच्या शुक्रवारी आहे. रात्रभर डोळा लागला नाही. कृपया लवकर सांगा.

– वाड्यातली थोरली

---

उत्तर: माळ्यावर सापडलेली तात्यांची बंदूक

ताई,

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात तीस वर्षं वकिली केली. आता मेलबर्नला मुलाकडे असतो. तुझी मेल इथे पहाटे वाचली. उत्तर वाचून होताच पहिला फोन पोलिसांना कर. ठाण्याचा नंबर नसेल तर ११२.

बंदुकीला हात लावू नकोस. भावालाही लावू देऊ नकोस. ती भरलेली आहे असंच समजायचं. नळी मोडून बघायची नाही, घोडा ओढायचा नाही, तेलपाणी करायचं नाही. दमट माळ्यावर काडतूस फुगून नळीत अडकलेलं असू शकतं आणि जुनं झालं म्हणून ते उडणार नाही असं अजिबात नाही. खोलीला कुलूप घाल, किल्ली स्वतःजवळ ठेव. लुगडं आणि सुतळीही तिथेच राहू दे, पंचनाम्यात ती महत्त्वाची ठरतील.

स्कूटरवरून न्यायची कल्पना भावानं मनातून काढून टाकावी. तात्यांचा परवाना तात्यांबरोबर संपला. आज त्या बंदुकीचा परवाना घरात कुणाकडेच नाही. वाटेत नाकाबंदीत अडवलं आणि नळीवरचा नंबर तपासला, तर तो चोरीच्या मालात निघेल. मग ‘आम्ही जमाच करायला निघालो होतो’ हे रस्त्यात उभं राहून पटवून द्यावं लागेल. पोलिसांनाच घरी बोलव.

आता कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात विनापरवाना बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बंदुकीलाही किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. घाबरू नकोस, हे तुला लागू होऊ नये म्हणूनच सांगतोय. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू घरात असल्याचं माणसाला ठाऊक हवं. काल संध्याकाळपर्यंत तुला ठाऊक नव्हतं. आता आहे. त्यामुळे इथून पुढचा एकेक दिवस तुझ्या खात्यावर चढतो. नदीत टाकणं तर सर्वात वाईट. उद्या ती कुणा पोराच्या हाती लागली तर नंबर तात्यांच्याच नावावर निघेल.

त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये तुझ्यासारख्यांची सोय आहे. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पुढे वारसाला परवाना मिळाला तर ते परत घेता येतं किंवा पात्र माणसाला विकता येतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं. तुमच्या बाबतीत चोरीचा गुन्हा नोंदलेला आहे, म्हणून विक्रेत्याकडे न जाता थेट पोलीसच. भावाला ती हवी असेल तर नाशिक शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मला विचारशील तर ती सरकारजमा होऊ दे.

काडतुसं विसरू नकोस. त्यांनाही परवाना लागतो. सातच्या सात पंचनाम्यात मोजून घे. प्रवासाच्या बॅगा, पर्स, जुने कोट नीट झाडून बघ. एखादं काडतूस खिशात राहून गेलं तर विमानतळावर अडकशील.

आणि तात्यांची फिर्याद. त्यांनी ती खरं समजून दिली होती. खोटी माहिती दिल्याचा गुन्हा जाणूनबुजून दिली तरच होतो. त्या तपासाला बहुधा ‘अ समरी’ मिळाली असेल, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. आता ‘चोरी झालीच नव्हती, गैरसमज होता’ असा अहवाल न्यायालयात जायला हवा. तिला ‘क समरी’ म्हणतात. जबाब देतानाच ही मागणी कर. नुसती बंदूक जमा करून घरी आलीस तर जुना कागद जुनंच बोलत राहील.

– वकीलकाका

---

उत्तर: माळ्यावर सापडलेली तात्यांची बंदूक

ताई, काका,

टेक्सासमधलं सांगतो, इथल्या सभासदांना उपयोगी पडेल. माझ्या शेजाऱ्यानं गाडीतून पिस्तूल चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. वर्षभरानं ते डिकीतल्या जादा चाकाखाली सापडलं. त्यानं ते तिथेच ठेवलं आणि पोलिसांच्या बिगर-आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. अधिकारी आला, नंबर जुळवला, नोंद रद्द करतो म्हणाला. चोरीच्या बंदुकीची नोंद एफबीआयच्या एनसीआयसी या राष्ट्रीय यादीत जाते आणि ती आपोआप पुसली जात नाही. ज्या खात्यानं चढवली त्यानंच ती काढायची. बंदूक स्वतःचीच असली तरी नोंद जिवंत असताना गाडीत घेऊन फिरलात, तर थांबवणारा पोलीस तुम्हाला चोरच समजणार. विम्याचे पैसे घेतले असतील तर कंपनीलाही कळवायला हवं, ते राहून गेलं की वेगळंच प्रकरण होतं. शेजाऱ्यानं नोंद निघाल्याचा कागद मागून घेतला. ताई, तुम्हीही घ्या.

– ऑस्टिनहून, धाकटा

---

उत्तर: माळ्यावर सापडलेली तात्यांची बंदूक

मंडळी,

काकांची मेल वाचली आणि लगेच फोन केला. अर्ध्या तासात एक उपनिरीक्षक आणि दोन हवालदार आले. दोन पंच शेजारचेच. बंदूक उघडली तर उजव्या नळीत काडतूस होतं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. डब्यातली सात आणि हे एक, आठ झाली. तात्यांच्या ट्रंकेत परवान्याचं जुनं पुस्तक मिळालं, त्यातला नंबर नळीवरच्या नंबराशी जुळला. लुगडंसुद्धा सील करून नेलं. ते जाताना मात्र मला रडू आवरलं नाही.

ठाण्यात तीन तास गेले. जुनी फिर्याद शोधायलाच दोन. निकाल ‘अ समरी’च होता, काका. हवालदारांनी जबाब लिहून वाचून दाखवला. त्यात सगळं होतं, मामा नव्हते. मी म्हटलं, अजून एक वाक्य घाला. ते म्हणाले, त्याची गरज नाही, त्यांच्यावर दोषारोप झालेलेच नव्हते. मी सही न करता बसून राहिले. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘माझ्या वडिलांनी संशयित म्हणून ज्यांचे नाव दिले होते, त्यांचा या बंदुकीशी कोणताही संबंध नव्हता व नाही.’ मग सही केली. ‘क समरी’साठी वेगळा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली.

मामा दिंडोरीजवळ मुलाच्या मळ्यावर असतात, असं कळलं. काल गेलो होतो. थकलेत, ऐकू कमी येतं. मुलानं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘तात्यांची बंदूक घरातच होती.’ त्यांनी विचारलं, ‘वहिनींनी ठेवली व्हती का?’ मी हो म्हटलं. बराच वेळ ते द्राक्षांच्या ओळींकडे बघत बसले. मी पायाला हात लावला, माफी मागितली. निघताना मुलगा फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, ताई, तो कागद झाला की मला एक नक्कल द्या, गावात दाखवायचीय.

न्यायालयाचा आदेश यायला वेळ लागेल. विमानाचं तिकीट मी पंधरा दिवस पुढे ढकललंय. काका, आदेशाची साक्षांकित नक्कल मिळवायला अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा, तेवढं सांगा.

– थोरली