कासवांचा संप

टीव्ही आला आणि रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर टिकून बसण्यासारख्या कसरतींचा अमेरिकी काउबॉयांचा खेळ, व्यावसायिक झाला, असं म्हणतात; मला ते पटत नाही. खरी लढाई १९३६ सालीच 'बॉस्टन गार्डन' या बॉस्टनच्या बंदिस्त क्रीडागृहात झाली. काउबॉय पदरचे पैसे घालून प्रवेश फी भरायचे, पण ती बक्षिसाच्या रकमेत धरलीच जात नसे; जिंकूनही कित्येकांचा जाण्यायेण्याचा खर्च सुटत नसे. शेवटी ६१ जणांनी एका कागदावर सह्या केल्या आणि आयोजक कर्नल जॉन्सनना कळवलं, रक्कम वाढवा, नाहीतर आम्ही मैदानात उतरत नाही. रक्कम वाढली! मग संघटना झाली, 'काउबॉइज टर्टल असोसिएशन'. एकत्र यायला कासवासारखा वेळ लावला, पण शेवटी मान बाहेर काढलीच, म्हणून हे नाव. हाडं मोडून घेणाऱ्या माणसांनी आपली किंमत आपणच ठरवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९४५मध्ये नाव बदललं, 'रोडिओ काउबॉइज असोसिएशन' झालं. मला कासवच आवडायचं.