मदत हवी आहे: जुन्या कॅम्परची मागची बाजू बसते. पाटे वाढवू, ब्लॉक टाकू की एअरबॅग?

नमस्कार मंडळी,

गाडी बोलेरो कॅम्पर, २०१० ची, १ लाख ९० हजार किमी पळालेली. मुक्काम इंदूर, रामबाग. वडिलांपासून मंडपाचा धंदा आहे. मागे बल्ल्या, गाद्या, पडदे असतात आणि लग्नसराईत जनरेटरची ट्रॉली ओढतो. (ट्रॉलीचं पासिंग वेगळं केलेलं आहे, त्यामुळे त्यावर भाषण नको, प्लीज.)

ट्रॉली जोडली की गाडीचं बूड बसतं आणि तोंड आभाळाकडे. गेल्या महिन्यात महेश्वरचं लग्न होतं. रात्री महूच्या पुढे समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारत होता. मला वाटलं अप्पर चालू राहिलाय. उतरून बघितलं तर लाइट लोवरवरच होता, पण उजेड झाडाच्या शेंड्यावर! जाम घाट उतरताना स्टिअरिंग इतकं हलकं झालं की बायको म्हणाली, हळू चालवा हो, गाडी तरंगतेय. खड्ड्यात बंप रबरवर ठाण्‌कन आदळते ते वेगळंच.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक मिस्त्री म्हणतो मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे (लोखंडी पट्ट्या) वाढवा. दुसरा म्हणतो, "भिया, दो इंच का ब्लॉक डाल दो, खेल खतम." (म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा.) आणि भाचा एअरबॅगचे (पाट्याला आधार देणाऱ्या, हवा भरायच्या रबरी फुग्यांचे) व्हिडिओ पाठवतोय. मला गाडी मागून दोन इंच वर हवी आणि ट्रॉली नीट ओढायला हवी. रिकामी चालवताना पाठीचे मणके मोजायची वेळ येऊ नये, एवढंच. काय करू?

बडोदेकर:
दादा, काही विकत घ्यायच्या आधी दोन मापं घ्या. गाडी रिकामी, सपाट जमिनीवर उभी करा आणि चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्हीत फरक आला तर पाटा थकलाय किंवा तुटलाय.

दुसरं, ट्रॉलीच्या तोंडाचं वजन, म्हणजे ट्रॉली गाडीच्या हूकवर जेवढा भार टाकते तो. धर्मकाट्यावर आधी सुटी ट्रॉली पूर्ण चढवा. मग तोंड हूकच्या उंचीला काट्याबाहेर टेकवून फक्त चाकं काट्यावर ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे तोंडाचं वजन. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. कमी असेल तर ट्रॉली शेपटी हलवते, जास्त असेल तर तुमच्यासारखं होतं.

धागाकर्ता:
काटा करून आलो. पूर्ण ट्रॉली ८४० किलो, नुसती चाकं ६४०. म्हणजे तोंडावर २०० किलो?! रिकाम्या गाडीचं माप डावीकडे ३८ सेंमी, उजवीकडे ४१.

बडोदेकर:
२०० म्हणजे जवळजवळ २४ टक्के. तुमचा हूक मागच्या एक्सलच्या साधारण सव्वा मीटर मागे असणार आणि व्हीलबेस तीन मीटरच्या आसपास. तराजूच्या दांडीसारखा हिशोब करा: मागच्या एक्सलवर २०० नाही, सुमारे २८० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून ८० किलो उचलले जातात. तुमचं तरंगणारं स्टिअरिंग ते हेच. जनरेटर ट्रॉलीवर फूटभर मागे सरकवा, तोंड शंभर-सव्वाशेवर येईल. बोल्टची नवी भोकं पाडायची, बस. आणि डावा पाटा खोलून बघाच.

ग्वाल्हेरी:
ब्लॉकबद्दल सांगतो, कारण हा उद्योग मी करून बसलोय. ब्लॉकने गाडी वर येते, वजन पेलायची ताकद इंचभरही वाढत नाही. उलट पाटा आणि एक्सलमधलं अंतर वाढतं. जोर लावला की एक्सल पिळतो आणि पाटा इंग्रजी 'एस'सारखा वाकतो. प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. माझी साठच्या पुढे थरथरायची.

पण खरी गोची ब्रेकची. गाडीखाली झोपून बघा, चेसीवरच्या एका व्हॉल्व्हपासून मागच्या एक्सलपर्यंत सळई गेली असेल. तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चेसी एक्सलच्या जवळ आली की तो समजतो माल भरलाय आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. तुम्ही गाडी दोन इंच उचललीत की तो भरलेल्या गाडीलाही हलकी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. घाटात, मागे ट्रॉली! माझ्या मिस्त्रीने ती सळई बघितलीसुद्धा नव्हती.

एअरबॅग वाईट नाही, हवा कमी-जास्त करता येते. पण ती निरोगी पाट्याला मदत म्हणून. शिवाय आरसीवरचं एकूण वजन यातल्या कशानेही वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर दर टनाला २ हजार.

धागाकर्ता:
डावीकडचा सेट खोलला. तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध जोडणाऱ्या) भोकाजवळ आडवा तडकलेला! तडीच्या आत गंज होता, म्हणजे वर्ष-दोन वर्षं तसाच चाललोय. मेन पाटाही सरळ झालाय, कमान उरलेलीच नाही. लोहामंडीकडचा एक जण म्हणतो भट्टीत लाल करून ठोकून देतो, निम्म्या पैशात.

बडोदेकर:
नको. लाल करून ठोकलं की कमान येते, पण त्यानंतर तेलात बुडवून, पुन्हा मापात तापवून त्याचा कडकपणा बेताचा करावा लागतो. ते नीट जमलं नाही तर पाटा चार महिन्यांत पुन्हा बसतो नाहीतर काचेसारखा तुटतो. दोन्ही बाजूंना नवे सेट घाला, एका बाजूला कधीच नाही. खाली एकच हेल्पर पाटा असा घ्या जो रिकाम्या गाडीत टेकणार नाही आणि माल भरल्यावरच कामाला लागेल. मणके वाचतील. पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, म्हणून 'जाड बघून घेतो' असं करू नका. यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), सेंटर बोल्ट, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश नवेच. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो. नवे बसवल्यावर ५०० किमीनंतर पुन्हा आवळा.

धागाकर्ता:
म्हणजे दोन इंच उचलायचं नाहीच?

ग्वाल्हेरी:
नवे पाटे घातल्यावर मोजा. तुमचे दोन इंच बहुतेक थकलेल्या पाट्यांतच गेले असतील.

धागाकर्ता:
सेट बसले! रिकामी ४५ सेंमी, दोन्हीकडे सारखी. जनरेटर ३३ सेंमी मागे सरकवला, तोंडाचं वजन आता ११० भरलं. ट्रॉली जोडून बायपासला फिरवली, कोणी डिपर मारला नाही. उद्या व्हॉल्व्हची सळई सेट करायची आहे. त्याचं माप जॅकवर घ्यायचं का?

ग्वाल्हेरी:
जॅकवर एक्सल लोंबतो, माप खोटं येतं. चाकं जमिनीवर, गाडी रिकामी, आणि मिस्त्रीला सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा दाखवून. बल्ल्या उतरवून जा.