कागदावर २२.३, टाकीला १५.१: कंपनीचं अ‍ॅव्हरेज आपल्यासाठी असतं का?

रोजची_हिंजवडी

संक्रांतीनंतर गाडी घेतली. पेट्रोल, हाताचे गिअर. शोरूममध्ये "बावीस पॉइंट तीन, सर, एआरएआय सर्टिफाइड" हे मी चार वेळा तरी ऐकलं. कर्जाचा हप्ता ज्या कागदावर मांडला, त्याच कागदावर त्या मुलाने महिन्याचा पेट्रोलखर्चही याच आकड्याने काढून दिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आता सात टाक्या झाल्या. एकच पंप, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, वर राउंड फिगर करून घ्यायची नाही, लगेच किलोमीटर वहीत लिहायचे. सातही टाक्यांचं मिळून अ‍ॅव्हरेज आलं १५.१. एसी जवळजवळ रोज, रस्ता कोथरूड ते हिंजवडी. एआरएआय, म्हणजे गाड्या तपासून हा आकडा प्रमाणित करणारी संस्था, ज्या वेताळ टेकडीवर आहे, ती माझ्या गच्चीतून दिसते. वाईट वाटतं ते यामुळेच. आकडा इथलाच, रस्ताही इथलाच, आणि दोघांचा मेळ नाही.

महिन्याला माझे हजार किलोमीटर होतात. कागदाप्रमाणे ४५ लिटर लागायला हवं, लागतं ६६. पुण्याच्या भावाने महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास जास्त जातात. घर चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा दाखवून गाडी विकायची असेल, तर त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, एसी लावून काढलेला शहराचा आकडा छापायची सक्ती हवी.

मोजपट्टी

विरोधात लिहितो. मी काही वर्षं वाहनचाचणीच्या कामात होतो, तेव्हा आकडा निघतो कसा ते आधी सांगतो.

गाडी रस्त्यावर जात नाही. चालवणारी चाकं रोलरवर असतात, समोर मोठा पंखा. ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि त्याने ताशी २ किलोमीटरच्या आतबाहेर ती रेघ धरून ठेवायची. धूर पिशव्यांत गोळा होतो. त्यातला कार्बन मोजून इंधन किती जळलं ते काढतात, कारण जळालेल्या पेट्रोलमधला कार्बन शेवटी धुरातच येतो. वेगाच्या या ठरवून दिलेल्या रेघेलाच सायकल म्हणतात. कारसाठीची आपली सायकल म्हणजे एमआयडीसी. (औद्योगिक वसाहत नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल.) ती जुन्या युरोपीय सायकलवरून घेतली आहे: ११८० सेकंद, साडेदहा किलोमीटरच्या थोडं पुढे, जास्तीत जास्त वेग ९०. एसी बंद.

हे सगळं इतकं बांधीव कशासाठी? दोन गाड्यांची तुलना व्हावी म्हणून. तुमचा हिंजवडीचा रस्ता आणि माझा सोलापूर रोड यांची सरासरी काढून कुठलाच आकडा निघणार नाही. २२ वाली गाडी १८ वालीपेक्षा कमी पिते, एवढंच तो आकडा सांगतो आणि ते बरोबर सांगतो. आश्वासन दिलं ते विक्रेत्याने. चाचणीने नाही.

रोजची_हिंजवडी

माहितीबद्दल मनापासून आभार. पण तुलनेचा आकडा तुलनेपुरता राहत नाही ना! माझ्या कागदावर त्याला रुपयांनी गुणलं होतं. आणि तुलना तरी खरी राहते का? एक गाडी रोलरवर चांगली पण एसी लावला की धापा टाकणारी, दुसरी दोन्हीकडे सारखी. तुमची सायकल या दोघींना एकाच रांगेत बसवते.

सांगलीचं_गॅरेज

भाऊ, रागावू नका, पण गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणून कुणी आलं की मी बॉनेट उघडत नाही. आधी हवा बघतो. परवा एकांची गाडी आली, चारही चाकांत २४-२५. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. मग त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारली. डावा पाय सारखा क्लचवर, चढाला अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभे, तिसऱ्यात जायचं तिथं दुसऱ्यातच ओढतात. डिकीत दोन गोण्या. हे सगळं टाकीतूनच जातं. कंपनीचा आकडा मिळत नाही हे मलाही माहीत आहे, पण १५ चे १७ करणं बऱ्याचदा मालकाच्या हातात असतं.

रोजची_हिंजवडी

हवा उद्याच बघतो, दादा. क्लचचं मात्र चांदणी चौकातून संध्याकाळी सुटून दाखवा, मग बोलू. पंधरा किलोमीटरला तास लागतो.

समृद्धी_प्रवासी

मी उलट बाजूचा. माझं शहरात चालवणं कमी, नागपूरला महिन्यातून दोनदा. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि चाचणी ९० ला थांबते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० चे १२० केले तर तो पावणेदोन पटीच्या वर जातो. मी स्वतः ९५ ला क्रूझ लावून गेलो आणि ११८ ला लावून आलो. गाडी तीच, माणसं तीच. १९.६ आणि १५.८. त्यामुळे नुसतं शहराचं नको, महामार्गाचाही खरा आकडा हवा.

आणि मोजपट्टी, त्या सायकलच्या शहरी भागात शून्यावरून ५० ला जायला २६ सेकंद देतात ना? सव्वीस! सिग्नल सुटल्यावर सव्वीस सेकंद घेतले तर मागचे काय करतील?

मोजपट्टी

२६ बरोबर आहे, ते फार मवाळ आहे हेही मान्य. युरोपनेही त्याच कारणाने जुनी सायकल सोडली आणि २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आणली. ती लांब आहे, वेगवान आहे. पण पुढे काय झालं तेही बघा. तिथल्या नव्या गाड्यांत आता प्रत्यक्ष इंधन मोजणारी नोंद असते. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने ती माहिती जाहीर केली. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या प्रमाणपत्रापेक्षा सुमारे २० टक्के जास्त पितात, आणि चार्जिंगवालं हायब्रिड तर साडेतीन पट, कारण लोक चार्जच करत नाहीत. सायकल बदलून दरी कमी होते, संपत नाही. माणूस कसा वापरतो हे रोलरला कळणार नाही.

जर्सीकर

इथे अमेरिकेत गाडीच्या काचेवरच शहर, हायवे आणि एकत्रित असे तीन आकडे लावलेले असतात. २००८ च्या मॉडेलपासून ते पाच चाचण्यांवरून काढतात. त्यात ३५ अंशांना एसी लावून एक, उणे ७ अंशांत एक, आणि ताशी सव्वाशेच्या वर जाणारी जोरकस एक. माझ्या गाडीचा एकत्रित आकडा मला चार वर्षांत दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने मिळाला आहे. म्हणजे मोजपट्टी म्हणतात तितकं हे अशक्य नाही.

आणि आकडा चुकला तर भरपाईही होते. २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया यांना इथल्या जवळपास नऊ लाख गाड्यांचे आकडे खाली आणावे लागले. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ती किती वेळात मंदावते हे मोजतात आणि त्यावरून रोलरला किती जोर लावायचा ते ठरवतात. घोळ तिथे झाला होता. ग्राहकांना जास्तीच्या पेट्रोलचे पैसे मिळाले, आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड झाला.

शेवंती_कराड

भारतातही दाद मिळते. केरळमध्ये त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने अशाच एका तक्रारीत भरपाई द्यायला लावली. जाहिरातीत लिटरला ३२, तज्ज्ञाने प्रत्यक्ष चालवून बघितलं तर १९ च्या आसपास. तिथे वाद प्रयोगशाळेशी नव्हताच, जाहिरातीशी होता. म्हणून रोजची_हिंजवडी, तो कागद जपून ठेवा.

इथे कुणी इथेनॉलचं बोललं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या गाड्यांसाठी सहा-सात टक्के घट लिहिली होती, त्यासाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांसाठी एक-दोन. माझ्या वडिलांची गाडी जुनी आहे. ते शेतकरी आहेत, उसाला भाव मिळावा असं त्यांनाही वाटतं, पण पंपावर भाव तोच आणि लिटरात ताकद कमी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

मोजपट्टी

जर्सीकर, पाच चाचण्यांचा खर्च आणि वेळ छोट्या, स्वस्त गाडीवर पडतो हेही धरा. तरी एक मुद्दा सोडतो. आपल्या हवामानात एसी बंद ठेवून काढलेला एकमेव आकडा लोकांपुढे ठेवणं मला आता पटत नाही. रोलर तेच, ड्रायव्हर तोच, फक्त बटण दाबून आणखी एक फेरी. तुलनाही तशीच राहील. मात्र "प्रत्यक्षात मिळेल तो आकडा" असं कुणी छापायला निघालं तर मी पुन्हा विरोध करेन. तसा आकडा नसतो.

रोजची_हिंजवडी

मी तेवढंच मागतोय. एसीची फेरी, आणि आकडा ठळक अक्षरात.

सांगलीच्या दादांसाठी: हवा पुढे २७ आणि मागे २६ निघाली. ३३ केली, डिकीतलं सामान उतरवलं. आठवी टाकी काल संपली. १६.२.

सांगलीचं_गॅरेज

एक किलोमीटरच्या वर मिळालं की! या टाकीला एसी किती लावला?

रोजची_हिंजवडी

सगळा वेळ. मे महिना आहे, दादा, मागे आई बसते.