सेंट किल्डावरील समुद्रपक्षी शिकारीत टिकले, मग आता का घटत आहेत?

डोंगरवाट: स्कॉटलंडच्या नॉर्थ यूइस्ट बेटापासून सुमारे ६४ किलोमीटर पश्चिमेस, भर अटलांटिकात असलेल्या सेंट किल्डाविषयी वाचत आहे. तेथील रहिवासी पिढ्यानपिढ्या गॅनेट, फुलमार आणि पफिन यांच्या मांसावर व अंड्यांवर जगले. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांनी बेट सोडले. फुलमारची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तरीही इतक्या शिकारीत हा पक्षी टिकला कसा? माणसे गेल्यावर तरी पक्षी वाढले का?

सागरपाखरू: फुलमार साधारण नवव्या वर्षी प्रथम वीण करतो आणि चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो. ऑगस्टमध्ये मुख्यतः चरबीने गुबगुबीत झालेली पिल्ले पकडली जात, त्यामुळे वीण करणारी बरीच जोडपी शाबूत राहत. शिवाय तेथील कोनाखेर या टेकडीचा कडा ४३० मीटर उंच आहे; दोराला लटकलेला माणूस तेथे पोहोचून पोहोचणार किती घरट्यांपर्यंत? पिल्लू तोंडातून तेलाची पिचकारी मारते, म्हणून तेल वाया जाण्याआधीच त्याची मान पिरगाळावी लागे. हे तेल गॅनेटच्या वाळवलेल्या जठरात साठवत आणि मांस गारा न लावता रचलेल्या दगडी कोठ्यांत, फटींतून वाहणाऱ्या वाऱ्यावर सुकवत.

कातळ: वरील खुलासा पटतो, परंतु तो सरसकट लागू करू नये. ग्रेट ऑक या पक्ष्याला उडता येत नसल्याने कड्यांचा आसरा नव्हता. ब्रिटनमधील शेवटचा ग्रेट ऑक १८४०च्या सुमारास येथीलच स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर मारला गेला.

सागरपाखरू: मान्य आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगायचे, तर शिकार थांबल्याने सर्वच पक्ष्यांचे भले झाले नाही. अलीकडच्या दशकांत किटिवेक फारच घटले आहेत. ते पिल्लांना भरवतात ते सँडईल नावाचे बारीक, तेलकट मासे समुद्र तापल्यामुळे पुरेसे मिळेनासे होतात आणि पिल्ले घरट्यातच उपाशी मरतात. युनेस्कोने १९८६ मध्ये बेटाला जागतिक वारसा ठरवले, पण पक्ष्यांचे अन्न बेटावर नसून पाण्यात आहे. म्हणूनच २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या सागरी हद्दीत सँडईलच्या मासेमारीवर घातलेली बंदी मला अधिक मोलाची वाटते, जरी समुद्राचे तापणे तिने थांबणार नसले तरी.