प्रतिसाद: पार्सल सकाळी न्या म्हणे!
वर कुणीतरी सुचवलंय, पोस्टात पार्सल सकाळीच न्यावं, गर्दी नसते. आमच्या खाडीकाठच्या पोस्टात गर्दी कधीच नसते हो, नेटवर्क नसतं!

मे महिन्यात लेकीला पुण्याला आमसुलं नि फणसपोळी पाठवायची होती. खोका मांजरपाटात शिवून नेला. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली गळेल म्हणून काढायला लावली. (तेही बरोबरच म्हणा, फुटली असती तर गावभरच्या पत्रांना कोकमाचा रंग.) वजन झालं, ४ किलो २०० ग्रॅम, आणि पावती निघायच्या आत सर्व्हर डाऊन. पोस्टमास्तर भला माणूस, पण ‘उद्या या’पलीकडे काय बोलणार? दुसऱ्या दिवशी लाईट नाही. तिसऱ्या दिवशी खोक्याला मुंग्या.

शेवटी पुण्याला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हातीच दिला. आगळासकट.